आम्ही आणि आपण

मराठी निबंधकाराने स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेण्याची रीत जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली, तेव्हापासून तरी ती चालत आली आहे. आम्हीही गेली पस्तीस वर्षे ती इमानाने पाळली. 'आम्हांस ही कादंबरी पसरट वाटली', 'या कवीच्या प्रतिमासृष्टीविषयी आमचे काही आक्षेप आहेत' अशी वाक्ये आमच्या हातून किती लिहिली गेली याची गणती नाही. या 'आम्ही'चा मोठा लाभ असा, की त्याला शरीर नसते. वजन, रक्तदाब, गुडघे यांपैकी काहीच नसते. ते कुणाच्याही कवितेवर निवांतपणे मत देऊ शकते. हे 'आम्ही' वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गेल्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, नवे बूट घालून सकाळी साडेसहाला दादरच्या शिवाजी पार्कवर सामूहिक व्यायामाच्या वर्गात जाऊन उभे राहिले. त्याची ही हकीकत.

हकीकतीपूर्वी एक कबुली द्यायला हवी. व्यायामाकडे पाहण्याची आमची दृष्टी कधीच निकोप नव्हती. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट महाविद्यालयात मराठी शिकवताना आम्ही दरवर्षी सांगत असू. पण ती एका थोर माणसाचा गमतीदार हट्ट म्हणून. त्यातून स्वतःसाठी काही घ्यावे, असे कधी मनात आले नाही. आमच्या ओळखीच्या साहित्यिक वर्तुळात व्यायाम हा विनोदाचा विषय होता. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' आम्हांला जवळजवळ पाठ होता, आणि वजन कमी करू पाहणाऱ्या कोणत्याही मित्राचे धैर्य खच्ची करायला तो पुरेसा होत असे. जो नियमित व्यायाम करतो त्याचे वाचन बेताचे असणार, असा एक सिद्धान्तही आम्ही मनाशी बाळगला होता. त्याला पुरावा नव्हता. सिद्धान्ताला पुरावा लागतो, हे दुसऱ्यांच्या लेखनाविषयी बोलताना मात्र आम्ही आवर्जून सांगत असू.

घरी आम्ही आणि आई, दोघेच असतो. आईचे वय चौऱ्याऐंशी. इमारत जुनी, मजला दुसरा, लिफ्ट नाही. जुलैतल्या एका रात्री पावणेतीनच्या सुमारास आवाज ऐकून उठलो, तर आई बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली. कुठे लागले नव्हते. वॉकर हातातून निसटला आणि ती भिंतीला टेकत सावकाश खाली बसली, एवढेच झाले होते. तिला उठवायचे होते. तिचे वजन शेहेचाळीस किलो. आम्ही मागून तिच्या काखेत हात घातले आणि ओढले. ती जेमतेम वीतभर वर आली, आणि आमच्या कमरेत अशी काही कळ उठली की दोघेही पुन्हा खाली. दुसऱ्यांदा समोरून प्रयत्न केला, तोही फसला. मग आम्ही तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिलो. बाहेर पाऊस पडत होता. थोड्या वेळाने आई म्हणाली, "आता काय करायचं रे आपण?"

शेवटी खाली जाऊन इमारतीच्या वॉचमनला उठवावे लागले. तो पन्नाशीचा, अंगाने आमच्याहून किरकोळ माणूस. तो आला, आईच्या समोर उकिडवा बसला, तिचे हात आपल्या खांद्यांवर घेतले, तिला पाठीमागून नीट धरले आणि पायांच्या जोरावर सरळ उभा राहिला. त्याच्याबरोबर आईही उभी राहिली. सगळे मिळून दहा सेकंद लागले असतील. आईने त्याला पाणी द्यायला सांगितले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊस. तुला पुस्तकं उचलायची सवय." तिने हे समजुतीच्या सुरात म्हटले होते. टोमणा असता तर बरे झाले असते. उरलेली रात्र आम्ही जागून काढली.

डॉक्टरांकडे गेलो ते कमरेसाठी. त्यांनी कमर पाहिली आणि रक्त तपासायला लावले. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा ८.२ निघाला. "गोळी वाढवतो," ते म्हणाले, "पण तुमच्या मांड्यांना काम द्या. नुसत्या फिरण्यानं भागणार नाही." घरी येऊन आम्ही यावर वाचले. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात, आणि आपण खुर्चीवर बसतो तेव्हा नेमके तेच रिकामे बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा आणि पासष्टीपुढच्यांनी त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर घालावी. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आम्ही मित्रांशी करतो त्या चर्चा यांपैकी कशातच मोडत नव्हत्या.

आधी वाचायचे आणि मग करायचे, ही आमची सवय. तिच्यात एक सोय आहे. वाचन पुरेसे लांबवले, तर करण्याची वेळ येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने आम्ही व्यायामाविषयी वाचण्यात घालवले. त्यातून एक गैरसमज मात्र दूर झाला. मोकळ्या मैदानावर ओळीने उभे राहून एकाच्या आज्ञेवर सगळ्यांनी व्यायाम करणे, हे आम्हांला अलीकडचे परदेशी खूळ वाटत होते. प्रत्यक्षात ते आमच्या आजोबांच्या काळातले निघाले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि १९३६ मध्ये 'यौगिक संघव्यायाम' नावाची पुस्तिका काढली. आसनांसारखी एकांतातली साधना अनेकांनी एकत्र, आकड्यांवर कशी करावी, हा तिचा विषय. म्हणजे ज्याला हल्ली ग्रुप क्लास म्हणतात, त्यासाठी 'संघव्यायाम' हा नेमका मराठी शब्द नव्वद वर्षांपूर्वीच तयार होता. आम्हांला तो ठाऊक नव्हता, कारण आम्ही मराठीचे प्राध्यापक होतो आणि तो शब्द साहित्यातला नव्हता.

वर्गाची माहिती इमारतीतल्या एका मुलीने दिली. २०२० च्या मार्चमध्ये व्यायामशाळा बंद झाल्या त्या दसऱ्यालाच उघडल्या. त्या महिन्यांत हातातले काम गेलेल्या एका प्रशिक्षिकेने पुढे परवानगी मिळाली तशी मोकळ्या हवेत दोन-चार जणांना शिकवायला सुरुवात केली, आणि आता तिच्याकडे पंधरा-सोळा जण नियमाने येतात, असे ती म्हणाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. "काका, तुम्ही एकदा येऊन तर बघा," असेही म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडले नाही. कारणे शोधण्यात आम्ही वाकबगार, तरीही सापडले नाही, कारण प्रत्येक कारणाच्या शेवटी बाथरूमचे दार दिसे.

खरी भीती कमरेची नव्हती. ती फार जुनी होती. शाळेत सातवीत असताना प्रजासत्ताकदिनाच्या लेझमीसाठी आमच्या वर्गाची निवड झाली. दोन आठवडे सराव चालला. ढोल वाजे, शिक्षक आकडे म्हणत आणि चाळीस मुले एकदम वाकत, उठत, वळत. आमचे पाऊल कायम अर्ध्या मात्रेने मागे. तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांनी ढोल थांबवला, आम्हांला बोटाने बाहेर बोलावले आणि म्हणाले, "याच्यामुळे ओळ बिघडते." आम्हांला दप्तरे सांभाळायला कडेला बसवण्यात आले. दप्तरांत गोष्टीची पुस्तके होती, आणि त्या पंधरवड्यात आम्ही ती सगळी वाचून काढली. पुढे लेखक कसे झालात, असे कुणी विचारले की आम्ही वडिलांच्या ग्रंथसंग्रहाचे नाव सांगतो. ते खोटे नाही. पण सुरुवात त्या दप्तरांपाशी झाली, हे आजवर कुणाला सांगितले नव्हते. ओळीच्या बाहेर बसून ओळीकडे पाहायचे आणि तिच्याविषयी मत बनवायचे, ही जागा आम्हांला तेथे मिळाली. आमचे 'आम्ही' त्या जागेवरचे आहे.

मंगळवारी सव्वासहाला मैदानात पाऊल ठेवले तेव्हा नीट उजाडले नव्हते. हवेत लाल मातीचा धुरळा होता. पर्जन्यवृक्षांखालून फिरणाऱ्यांची रांग चालू झाली होती. एरवी आम्हीही तिच्यातलेच एक असायचो. क्रिकेटची मुले खांद्यावर स्वतःपेक्षा मोठ्या पिशव्या घेऊन जाळ्यांकडे निघाली होती. समर्थ व्यायाम मंदिराच्या बाजूला पाहताना आठवले, की २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा येथे भरली होती, आणि तेव्हाही आम्ही कट्ट्यावर बसून मराठी समीक्षेच्या दुरवस्थेविषयी बोलत होतो.

झाडाखाली चौदा जण जमले होते. आम्ही पंधरावे. सत्तरीच्या एक काकू, बाळंतपणानंतर पुन्हा सुरुवात करणारी एक तरुणी, दोन निवृत्त बँकवाले, कानात काही न घालता आलेला एकच तरुण, आणि बाकीचे मधल्या वयाचे. प्रशिक्षिका तिशीच्या आतली, बारीक चणीची. तिने आमची सगळी दुखणी विचारून वहीत लिहून घेतली आणि म्हणाली, "काका, आज सगळं निम्मं करायचं. दुखलं तर थांबायचं. दम लागला तर थांबायचं. लाज वाटली तर मात्र थांबायचं नाही." मग ती ओळींपुढे जाऊन मोठ्याने म्हणाली, "चला, आपण सुरू करूया."

पहिली दहा मिनिटे सांधे मोकळे करण्यात गेली. घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मान. आमच्या शरीरात इतके सांधे आहेत आणि ते असे आवाज करतात, हे आम्हांला नवीन होते. मग स्क्वॉट आले. शब्द ऐकून धडकी भरली. पण कृती पाहिली आणि ओळख पटली. या तर उठाबशा. आमच्या पिढीला उठाबशा शिक्षा म्हणूनच ठाऊक, कान धरून, वर्गाच्या दाराशी, मुलींच्या देखत. शरीराला कामाला लावणे म्हणजे शरीराला शासन करणे, हा धडा आमच्या शाळांनी पक्का करून घेतला होता. आता कान मोकळे होते आणि हात पुढे धरायचे होते. तालमीतल्या बैठकांत टाचा उचलल्या जातात. येथे टाचा जमिनीवर रोवून, मागे खुर्ची आहे असे समजून बसायचे होते. "खुर्चीवर बसताना विचार करतो का आपण? तसंच," ती म्हणाली. खुर्चीवर बसण्याचा आमचा अनुभव दांडगा. न दिसणाऱ्या खुर्चीवर बसण्याचा मात्र नव्हता.

पंधरा करायच्या होत्या. सगळे मिळून मोठ्याने मोजत होते. आठपर्यंत आम्ही बरोबर होतो, नवव्याला मागे पडलो. ओळखीची अर्धी मात्रा आली, तसे आपोआप मान वर करून पाहिले, की आता बोट आपल्याकडे वळणार. सगळ्यांचे पंधरा झाले तेव्हा आम्ही अकरावर होतो. थांबावे, पाणी प्यावे, हसून वेळ मारून न्यावी, असा विचार केला. पण वर्गाचा एक नियम होता. शेवटच्याचे पूर्ण होईपर्यंत फेरी संपत नाही. बाकीच्यांनी जागच्या जागी पावले मारायची आणि शेवटच्यासाठी मोजायचे. चौदा माणसे आमच्याकडे तोंड करून पावले मारू लागली. आम्ही खाली गेलो, वर आलो. "बारा," चौदा जण म्हणाले. मांड्या थरथरत होत्या. आम्ही उभे राहिलो आणि श्वास घेत राहिलो. बराच वेळ गेला. कुणी 'तेरा' म्हटले नाही. आम्ही खाली जाऊन वर आलो, तेव्हाच म्हटले. चौदालाही तसेच. पंधरा झाले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, कौतुक झाले नाही. "पाणी प्या," एवढेच प्रशिक्षिका म्हणाली. सगळ्यांनी पाणी प्यायले.

वाचकांपैकी ज्यांना समूहाविषयी आमच्यासारखाच संशय आहे, त्यांची भुवई येथे उंचावली असेल. ती उंचावायलाच हवी. शिवाजी पार्क हे काही निर्मळ, निष्पाप मैदान नव्हे. १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळालेले हे मैदान महाराष्ट्रातल्या 'आम्ही'चे सर्वांत मोठे व्यासपीठ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभा येथे झाल्या. १९६६ पासूनचे दसरा मेळावे येथे झाले. हजारोंचा एक आवाज होतो तेव्हा काय होते, हे आम्ही कट्ट्यावरून पाहिले आहे. व्यायामाचाही इतिहास फार वेगळा नाही. अमरावतीच्या त्याच मंडळाचा चमू १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेला आणि तेथे भारतीय खेळांची व व्यायामाची प्रात्यक्षिके करून आला. अमरावतीच्या मुलांचा त्यात काही दोष नाही. पण त्या वर्षीच्या बर्लिनमध्ये एका तालात हलणाऱ्या शरीरांचे कौतुक कोण आणि कशासाठी करत होते, हे विसरता येत नाही.

विल्यम मॅक्नील या अमेरिकी इतिहासकाराने यावर १९९५ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले, 'कीपिंग टुगेदर इन टाइम'. १९४१ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर टेक्सासमधल्या छावणीत त्यांना तासन्‌तास कवायत करावी लागली. कवायत निरर्थक होती, तरी ती करताना मनात एक अनाकलनीय सुख का दाटून आले, हा प्रश्न त्यांना अर्धशतक पुरला. नाच, कवायत, सामूहिक श्रम यांतून स्नायूंच्या वाटेने माणसे एकमेकांशी बांधली जातात, असे त्यांचे म्हणणे. आणि ही शक्ती चांगल्या-वाईट दोन्ही कामी येते, हेही त्यांनी लपवले नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेथल्या नौका वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक लहान प्रयोग केला होता. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यानंतर आणि संघाबरोबर केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली, तेव्हा संघाबरोबर केल्यानंतर ती अधिक भरली. खेळाडू बाराच होते, त्यामुळे त्यावर मोठा इमला रचू नये. पण अकराव्या उठाबशीनंतरच्या चार उठाबशा आमच्या एकट्याच्या नव्हत्या, एवढे आम्ही शपथेवर सांगू शकतो.

मग फरक कशात आहे? आम्हांला तो मोजणीत दिसला. लेझमीतल्या आकड्यांना कुणासाठी थांबता येत नव्हते. ओळ सुंदर दिसायची होती आणि ती कुणीतरी पाहायची होती, म्हणून मागे पडणारा बाहेर काढणे भाग होते. सभेतल्या घोषणेलाही थांबता येत नाही. झाडाखालच्या त्या मोजणीला पाहणारा कुणी नव्हता, त्यामुळे तिला एका जाड्या, धापा टाकणाऱ्या माणसासाठी बारा आणि तेरा यांच्यामध्ये थांबणे परवडत होते. समूह जो आकडा मोजतो तो सर्वांत मागच्यासाठी थांबतो की नाही, एवढी एक कसोटी आम्ही यापुढे कोणत्याही समूहाला लावू.

भाषेचा मुद्दा येथेच सुचला. प्रशिक्षिका तासभरात एकदाही 'तुम्ही वाका' म्हणाली नाही. 'आपण वाकूया', 'आपण श्वास सोडूया' असेच म्हणत होती. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ते 'आम्ही', आत घेणारे ते 'आपण'. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ आणि तेलुगूत आहे. हिंदी 'हम'वर भागवते आणि इंग्रजी 'वी'वर. ही गोष्ट आम्ही तीस वर्षे व्याकरणाच्या तासाला शिकवली, उदाहरणे दिली, परीक्षेत विचारली. पण आपले सारे लेखन, म्हणजे समीक्षा, निबंध, अगदी मृत्युलेखसुद्धा, आपण ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या सर्वनामात केले, हे तोवर कधी जाणवले नव्हते. हे सर्वनाम लगेच टाकून देता येईल असे नाही. हा लेखही त्यातच चालला आहे. सवय पस्तीस वर्षांची आहे, आणि स्नायू एका तासात बदलत नाहीत.

शेवटच्या पंधरा मिनिटांत वाळूच्या पिशव्या आल्या. दहा किलोची पिशवी जमिनीवरून उचलायची. प्रशिक्षिकेने आधी रिकाम्या हातांनी करून दाखवले. पाय थोडे फाकवून, पाठीची सरळ रेष न मोडता, कंबर मागे नेत वाकायचे, वजन अंगाशी घ्यायचे आणि जमीन पायांनी खाली ढकलत उभे राहायचे. पाहता पाहता आम्हांला ते ओळखीचे वाटले. जुलैतल्या त्या रात्री वॉचमनने अगदी हेच केले नसले, तरी त्याचे मर्म हेच होते. पाठ सरळ, वजन जवळ, जोर पायांचा. त्याला हे कुणी पैसे घेऊन शिकवले नव्हते. आमच्यापासून वीस पावलांवर महापालिकेची एक सफाई कामगार बाई पाने गोळा करत होती. भरलेली टोपली ती अगदी याच रीतीने उचलत होती, आणि तिच्यासाठी कुणी मोजत नव्हते. ज्या हालचालीसाठी तिला पगार मिळतो, तीच शिकण्यासाठी आम्ही फी भरून आलो होतो. या विसंगतीवर एखादे चुरचुरीत वाक्य लिहिण्याचा मोह झाला. पण तेवढ्यात आमची पाळी आली, आणि दहा किलो उचलताना चुरचुरीत काही सुचत नाही.

पिशवी उचलली गेली. पाच वेळा. कंबर दुखली नाही. दहा किलो म्हणजे शेहेचाळीस नव्हेत, हा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला. छत्तीस उरले.

घरी जाताना दुसऱ्या मजल्याचे जिने चढलो ते एका मित्राच्या शब्दांत सांगायचे तर 'संपादित स्वरूपात', प्रत्येक पायरीवर थांबून. बुधवारी सकाळी तर तेही जमेना. खुर्चीतून उठण्यासाठी टेबलाचा आधार घ्यावा लागला. आई हे सगळे समोरून पाहत होती. ती काही बोलली नाही. तिने आपला वॉकर हळूच आमच्या दिशेने ढकलला आणि म्हणाली, "घे. आज तुला जास्त गरज आहे." आम्ही दोघेही इतके हसलो की पोट दुखायला लागले. पोट आधीच दुखत होते, ही गोष्ट वेगळी.

आईला पुन्हा जमिनीवरून उठवण्याची वेळ आली तर आम्हांला जमेल का, हे आजही ठाऊक नाही. ते ठाऊक होण्याचा प्रसंगच न येवो. मात्र त्या बुधवारी संध्याकाळी तिने विचारले, "काय काय केलंत रे तिथे?" तेव्हा आम्ही तिला स्क्वॉटची गोष्ट सांगितली. न दिसणारी खुर्ची, पंधरा आकडे, सगळे. ती म्हणाली, "मला दिसणारी खुर्ची आहे. मी करू का?" डॉक्टरांनी आधार धरून उठण्या-बसण्याला तिलाही परवानगी दिलेली होती, करून घेणारे कुणी नव्हते. आम्ही तिची हातांची खुर्ची भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर आमची मांडली. पाच करायचे ठरवले. "आपण दोघं एकदम उठूया," आम्ही म्हणालो. आमच्या मांड्या ओरडत होत्या, तिच्या थरथरत होत्या. आम्ही मोठ्याने मोजू लागलो. तीन झाले. चौथ्या वेळी आई खुर्चीचे हात धरून नुसती बसून राहिली, श्वास घेत. आम्ही आकडा उच्चारला नाही. थांबलो.